तिरपा उजेड

शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाचं तांब्याचं नाणं, समोरून बघितली तर बहुतेक वेळा काहीच सांगत नाही. तांब्याचा काळपट, जाडसर तुकडा. कड कुठे गोल, कुठे चेपलेली. मधे काही उंचवटे असतात. ते अक्षरांचे की गंजाचे, हे ठरत नाही. तोच तुकडा खिडकीपाशी नेला, उजेड डोक्यावरून न घेता बाजूनं घेतला आणि हळूहळू खाली आणत नाण्याच्या अंगाला लावला, की एका ठरावीक क्षणी 'राजा'मधला 'जा' उठून उभा राहतो. मग त्याच्या वरची श्रीची वेलांटी दिसते. खाली 'शिव'मधला 'व' अर्धा कडेबाहेर गेलेला असतो. नाणं तेच, डोळा तोच, फक्त उजेडाची बाजू बदललेली. नाण्यांचे फोटो काढण्याचं वेड मला लागलं ते या एका क्षणामुळे, आणि अजून ते उतरलेलं नाही.

हे वेड मी पुरवते ते अंथुर्ण्यात, आत्याच्या घरी. बारामतीहून इंदापूरकडे जाताना नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावरचा ऊस दोन्ही अंगांनी सोबत करतो. भवानीनगरचा कारखाना मागे पडतो, बेलवाडी, लासुर्णे येतं आणि मग अंथुर्णे. आषाढात तुकोबांची पालखी याच वाटेनं जाते. आत्याच्या देवघरात एक पितळी डबी आहे. एरवी ती टाकांच्या मागे असते, लक्ष्मीपूजनाला पुढे येते. तिच्यात दोन शिवराया आहेत, एक राणीछाप रुपया, भोकाचा पैसा आणि कमळाचं वीस पैशांचं पिवळं नाणं. भोकाचा पैसा १९४३ ते १९४७ या काळातला, युद्धाच्या टंचाईत तांबं वाचावं म्हणून मधोमध भोक पाडलेला. कमळाचं नाणं १९६८ ते १९७१ च्या दरम्यानचं. त्याच्या सोनेरी रंगावर आणि कमळावर लोक इतके भाळले, की ते बाजारात फिरायच्या ऐवजी घरोघरच्या पूजेत जाऊन बसलं.

अशा डब्या या पट्ट्यात पुष्कळ घरांत आहेत. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे आणि वडील शहाजीराजे यांच्या जहागिरीत पुणे-सुप्याबरोबर इंदापूरही होतं, तेव्हा इथल्या मातीला शिवराई परकी नाही. पण घराच्या वाटण्या होतात. धाकट्याच्या वाट्याला डबी येते आणि त्याच्या शहरातल्या फ्लॅटमध्ये ती कुठे जाते कळत नाही. कुणी मोडीत घालतो, कुणी मोठ्या किमतीच्या आमिषानं अनोळखी माणसाच्या हातात देतो. मी कुणाला नाणं मागत नाही. ते देव्हाऱ्यातच राहावं असं मला मनापासून वाटतं. मला हवा असतो तो त्याचा फोटो: दोन्ही बाजूंचा, नीट, अक्षर न् अक्षर वाचता येईल असा. नाणं घरात राहतं आणि त्याचा लेख सगळ्यांचा होतो.

पहिली अडचण उजेडाची नसतेच, ती चिंचेची असते.

"थांब, तशी काय काढतीस? घासून देते की. चिंच नि मीठ लावलं की लखलखीत व्हतंय."

"आत्या, नको घासूस. आहे तशीच दे."

"अगं, काळीकुट्ट दिसंल फोटोत."

"काळीच हवीय मला."

हे संभाषण मी दर घरात ऐकते. ताम्हन, पळी, तांब्या घासणाऱ्या हातांना नाणं तेवढं मळकं ठेवणं हा कमीपणा वाटतो, आणि ते मला समजतं. पण तीनशे वर्षांत तांब्यावर जो राप बसतो तो मळ नव्हे. हवा, ओल आणि माती यांच्याशी तांब्याचा हळूहळू संयोग होऊन तयार झालेली ती कातडी असते: कधी तपकिरी, कधी काळी, कधी हिरवट. अक्षराची वरची धार तिच्यातच शिल्लक असते. चिंचेतलं आम्ल ती कातडी विरघळवतं आणि तिच्याबरोबर धारही जाते. मागे राहतं ते गुलाबी, कच्चं तांबं. ते कॅमेऱ्यासमोर नुसतं चमकतं, पांढरे डाग पाडतं आणि वाचता येत नाही. काळी शिवराई उजेड झेलते, घासलेली तो परतवून लावते. मी फक्त मऊ, कोरडा ब्रश फिरवते, नाणं कडेनं धरते, आणि तेवढ्यावर थांबते.

आत्याच्या एका शिवराईवर श्रीच्या खोबणीत कुंकू आहे. भिंगातून बघितलं तर दाणे वेगवेगळे दिसतात, काही तांबडे, काही काळवंडलेले, त्यांच्या तळाशी हळदीची पिवळी रेघ. किती लक्ष्मीपूजनांचं आहे कुणास ठाऊक. ब्रशनं सहज निघालं असतं. मी ते राहू दिलं. टांकसाळीत पडलेलं नाणं आणि घरानं पूजलेलं नाणं ही एकाच तांब्याची दोन आयुष्यं आहेत, आणि फोटोत दोन्ही आली पाहिजेत. शिवाय त्या कुंकवानंच श्रीची वळणं स्पष्ट केली आहेत. जिथे धार झिजली तिथे रंगानं आकार धरून ठेवला आहे.

आता उजेड. फोटोचं सगळं मर्म त्यात आहे, म्हणून इथे मी घाई करत नाही. दुपारच्या उन्हात नांगरलेलं रान सपाट दिसतं आणि दिवस कलला की त्याच रानातलं तास न् तास मोजता येतं, तसंच नाण्याचं आहे. उंचवट्याची सावली पडली तरच उंचवटा दिसतो. मोबाइलचा फ्लॅश नेमकं उलटं करतो: लेन्सच्या शेजारूनच उजेड टाकतो, सगळ्या सावल्या पुसतो आणि नाण्याची चपटी चकती करून ठेवतो. म्हणून फ्लॅश बंद. आत्याच्या माजघराच्या पूर्वेच्या खिडकीला सकाळी जो उजेड येतो तो मला पुरतो. थेट ऊन नको, ऊन भिंतीवर आपटून आलेला उजेड हवा. खिडकीच्या समोरच्या अंगाला एक पांढरा कागद उभा करायचा, म्हणजे सावल्या काळ्याठिक्कर न होता त्यांच्यातही थोडं दिसतं. नाणं जितकं झिजलेलं, तितका उजेड खाली आणायचा. कोऱ्या करकरीत नाण्याला तो थोडा चढता चालतो. झिजलेल्या शिवराईला मात्र तो जवळजवळ आडवा लागतो, आणि मग पावसाळ्यातल्या ढगाळ सकाळी मी बॅटरीवरचा छोटा दिवा घेऊन बोटभर उंचीवरून उजेड सोडते.

उजेड कोणत्या बाजूनं घ्यायचा, हाही प्रश्न आहे. नाण्याचा फोटो वरून, बहुतेकदा वरच्या डाव्या कोपऱ्यातून उजळलेला असावा, असा रिवाज आहे. त्यामागे कारण आहे. आपल्या डोळ्याला उजेड वरून येण्याची सवय आहे. सूर्य वर असतो, दिवा वर असतो. फोटोत उजेड खालून आला की मेंदू ते मानत नाही आणि उठावाचं नाणं खोलगट दिसायला लागतं. राणीचं नाक आत गेलेलं, अक्षरं कोरलेली. फोटो उलटा धरला की तीच अक्षरं पुन्हा वर येतात. स्कॉटिश शास्त्रज्ञ डेव्हिड ब्रूस्टर यानं १८३२ साली छापलेल्या आपल्या एका पुस्तकात उठाव आणि खोलगट यांच्या या अदलाबदलीचा विचार केला आहे. मी हे आत्याच्या नातवाला फोन गरागरा फिरवून दाखवलं, तेव्हा तो राणीला आत-बाहेर करत बराच वेळ बसून राहिला.

उजेड जमला की राहतो फोकस. इथे भूमिती कठोर आहे. नाणं सेन्सरवर त्याच्या खऱ्या आकाराएवढं उमटवायचं म्हटलं, तर एफ आठवर सुद्धा स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा असतो. त्याच्या वर धूसर, खाली धूसर. भिंगाचं छिद्र आणखी बारीक केलं तर पट्टा वाढतो, पण प्रकाश त्या बारीक छिद्रातून जाताना पसरतो आणि सगळंच थोडं मऊ होतं. एका हातानं मिळवलेलं दुसऱ्या हातानं जातं. म्हणून मी एफ आठ, फार तर एफ अकरापर्यंत जाते. टांकसाळीच्या यंत्रातून निघालेला रुपया सपाट असतो, त्याला तेवढं पुरतं. शिवराई मात्र हातोड्याच्या घावानं पाडलेली. ती एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ, कधी मधे फुगलेली. तिच्यासाठी एकाच जागेवरून, फोकस तसूतसू सरकवत बरेच फोटो घ्यायचे आणि प्रत्येकातला स्पष्ट भाग संगणकावर एकत्र जोडायचा.

कॅमेरा आणि नाणं एकमेकांना अगदी समांतर हवेत, नाहीतर 'छत्र' स्पष्ट आणि 'पति' पुसट, असं होतं. यासाठी एक फार सुंदर युक्ती आहे. नाण्याच्या जागी छोटा आरसा ठेवायचा आणि कॅमेऱ्यातून त्यात बघायचं. लेन्सचं गोल प्रतिबिंब चौकटीच्या बरोबर मध्यावर आलं की कॅमेरा सरळ आहे. मग आरसा काढून नाणं ठेवायचं. पाणसळ नको, मापं नकोत. कॅमेरा स्टँडवर, बटण दोन सेकंदांच्या टायमरवर, म्हणजे बोटाचा धक्काही लागत नाही. हे सगळं नसलं तरी अडत नाही. मोबाइल पुस्तकांच्या दोन चवडींवर आडवा टेकवा, फार जवळ नेऊ नका (जवळ नेला की फोकस धरत नाही आणि आपलीच सावली पडते), थोडं लांबून दुप्पट झूम करा, नाण्यावर बोट टेकवून फोकस धरा आणि स्क्रीनवरून फोटोचा उजेड किंचित कमी करा. एवढ्यानं वाचता येण्याजोगा फोटो नक्की येतो.

चांदीचं वेगळं दुखणं. राणीछाप रुपया ११.६६ ग्रॅमचा, त्यात सुमारे ९१.७ टक्के चांदी, आणि आत्याकडचा तर एखाद्या सणापुरताच बाहेर आलेला, त्यामुळे अजून चकचकीत. तो समोरचं सगळं परतवतो: खिडकी, छत, कॅमेरा, माझा चेहरा. त्याच्यासाठी स्वच्छ काच नाण्याच्या वर ४५ अंशांत तिरकी धरायची आणि उजेड बाजूनं काचेवर टाकायचा. काच थोडा उजेड सरळ खाली नाण्यावर पाठवते आणि कॅमेरा काचेतूनच खाली बघतो. मग सपाट भाग उजळ आणि अक्षरांच्या कडा गडद, असं नितळ चित्र मिळतं. या रुपयाबाबत स्पष्टपणाचा हट्ट धरायला कारण आहे. १८६२ साल कोरलेले रुपये त्याच सालानं पुढेही कित्येक वर्षं पाडले जात होते. मुंबईच्या टांकसाळीतला नेमका कोणत्या वर्षाचा, हे अभ्यासकांनी ओळखलं ते मागच्या बाजूच्या बारीक ठिपक्यांवरून. फोकस केसभर हुकला की ठिपके एकात एक मिसळतात आणि नाण्याचं वय हरवतं.

धातूची ही चमक जुन्या लोकांनाही छळत होती. एकोणिसाव्या शतकातले मोठमोठ्या संग्रहालयांचे नाण्यांचे कॅटलॉग बघितले, तर त्यातली छायाचित्रं खूपदा नाण्यांची नसतातच. नाण्यांवरून घेतलेल्या प्लास्टरच्या ठशांची असतात. पांढरं, मंद प्लास्टर उजेड सारखा घेतं, चमकत नाही, सावली स्वच्छ दाखवतं. त्यात रंग जातो, राप जातो, कुंकू तर जातंच, पण आकार मात्र हुबेहूब राहतो. त्या पानांकडे बघताना मला त्या कारागिरांचा फार आदर वाटतो. प्रत्येक नाण्याचा ठसा घेऊन, त्याच्यावर तिरपा उजेड पाडून, ते आमचंच काम कितीतरी कमी साधनांत करत होते.

आणि हे काम कुठवर पोचतं, त्याचं आपल्याकडचं सगळ्यात थोर उदाहरण नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीचं. १९०६ साली तिथे तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी सापडली. नाणी क्षत्रप नहपानाची. एका बाजूला त्याचा चेहरा, भोवती ग्रीक लिपीतली अक्षरं. पण त्यातल्या बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपली चिन्हं पुन्हा ठोकली होती: तीन कमानींचा डोंगर आणि उज्जैनचं चिन्ह. हरलेल्या राजाची नाणी वितळवायची नाहीत, त्याच्या तोंडावरच आपला शिक्का मारून ती पुन्हा बाजारात सोडायची. अशा नाण्याच्या चांगल्या फोटोत उजेड एका बाजूनं आला, की डोंगराच्या कमानीखाली नहपानाची हनुवटी दिसते, नाकाची रेघ दिसते. सह्याद्रीच्या सत्तेचं एक युद्ध दीड-दोन सेंटिमीटरच्या चांदीत एकावर एक बसलेलं. ते वाचायला उजेड सरळ असून चालत नाही.

शिवराईचं वाचन आणखी निराळं. ६ जून १६७४ ला रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला, त्यानंतर सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई पडू लागली. होन फार थोडे उरले. शिवराया मात्र अमाप पडल्या, छत्रपतींच्या पुढच्या काळात पडल्या, पेशवाईत पडल्या आणि इंग्रजी अंमल आल्यावरही कित्येक वर्षं बाजारात चालल्या. एका बाजूला तीन ओळींत 'श्री / राजा / शिव', दुसऱ्या बाजूला दोन ओळींत 'छत्र / पति', भोवती ठिपक्यांचं वर्तुळ. पण ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, त्यामुळे अख्खा लेख एका नाण्यावर सहसा येत नाही. एकावर श्री तुटते, एकावर 'व' निसटतो, एकावर ठिपक्यांचं वर्तुळ फक्त डावीकडे. कुठे 'शिव' आहे, कुठे 'सिव'. कुठे 'पति', कुठे 'पती'. पुढच्या काळातल्या दुदांडी शिवराईवर ओळींच्या मधे दोन आडव्या रेघा. प्रत्येक वळणामागे ठसा कोरणारा एक हात आहे. तो हात ओळखायचा तर एक नाणं उपयोगाचं नाही, अनेक लागतात, आणि ती अनेक घरांत विखुरलेली आहेत. त्यांना एका टेबलावर आणायचं, तर ते फोटोतच शक्य आहे. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाकडे नाणी आहेत. नाशिकजवळ अंजनेरीला परमेश्वरीलाल गुप्त यांनी १९८० मध्ये उभ्या केलेल्या नाणकशास्त्राच्या संस्थेनं तर छायाचित्रांचा मोठा संग्रहच जमवला. पण देव्हाऱ्यातली डबी कुठल्याही संग्रहालयाच्या कपाटात नाही. तिथे आपणच गेलं पाहिजे.

रानात सापडलेल्या नाण्यांचं एक सांगायला हवं, कारण ऊस काढून नवी लागण करताना, विहिरीचा गाळ उपसताना अशी नाणी वर येतात. १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडवलेलं, दहा रुपयांहून जास्त मोलाचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. लोक भितात, म्हणून गप्प बसतात आणि नाणी सराफाच्या मुशीत जातात. भिण्याचं कारण नाही. नाणी आहेत तिथे, आहेत त्या स्थितीत, शेजारी पट्टी ठेवून फोटो काढावा. कोणत्या थरात होती, भांड्यात होती की सुटी, हे त्या एका फोटोत येतं. नाणी हलवली की ते पुन्हा सांगता येत नाही.

फोटोबरोबर चार ओळीही लागतात. नाण्याचं वजन, व्यास, धातू, दोन्ही बाजू आणि त्यांची एकमेकींशी दिशा. वजन मी गावातल्या सोनाराच्या काट्यावर करून घेते. त्याच्याकडे मिलिग्रॅमपर्यंतचा काटा आहे आणि तो हे काम आनंदानं करतो. नाणं तोलताना त्याचं बोट आपोआप कडेला जातं. धातू कसा धरायचा हे त्याला शिकवावं लागत नाही.

आता आत्याच्या घरी कॅमेरा लागला की शेजारच्या बायका आपापल्या डब्या घेऊन येतात. गेल्या खेपेला एक काकू पदराच्या गाठीत शिवराई बांधून आल्या होत्या. स्वच्छ, काळी, न घासलेली. आत्यानं त्यांना आधीच दम भरला होता. त्या शिवराईवर वरची श्री पूर्ण आहे, आत्याच्या नाण्यावर ती अर्ध्यात तुटते. आत्याच्या नाण्यावर 'राजा' ठसठशीत आहे, काकूंच्या नाण्यावर झिजलेला. दोन्ही फोटो मी लॅपटॉपवर शेजारी शेजारी लावले. आत्या चष्मा सावरून पुढे वाकली आणि बोटानं एका नाण्यावरून दुसऱ्यावर जात तिनं सगळा लेख मोठ्यानं वाचला, श्री राजा शिव. मग पाठीमागची बाजू मागितली. तिथे 'छत्र' दोन्हींवर आहे, 'पति' मात्र दोन्हींवर कडेबाहेर गेलेला.

"हा कुणाकडं हाय मग?" आत्यानं विचारलं.

काकूंना वरच्या आळीतलं एक घर ठाऊक होतं. तिथल्या म्हातारीकडे कलशात टाकायची शिवराई आहे, ती कुणाच्या हातात देत नाही म्हणतात. आत्या म्हणाली, हातात कशाला द्यायची, आपणच कॅमेरा घेऊन जाऊ. सकाळी जाऊ, तिच्या ओसरीला उजेड आडवा येतो.